माइट्नेरियम : एका नांवाची हकीकत

मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या अणुगर्भांतील प्रोटॉनांची संख्या. बिस्मथचे ८३, लोहाचे २६, बेरीज १०९. कागदावर ही बेरीज कोणासही साधेल. परंतु १९८२ सालीं ऑगस्टच्या २९ तारखेस जर्मनींतील डार्मस्टाट येथील शास्त्रज्ञांना, बिस्मथवर लोहाच्या वेगवान अणुगर्भांचा मारा करून, या नव्या द्रव्याचा अवघा एक अणु लाभला, आणि तोहि निमिषार्धांत विघटन पावला!

या क्षणजीवी द्रव्यास नांव मिळालें तें लीझ माइट्नर या विदुषीचें. १८७८ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेल्या या बाईंनीं बर्लिनमध्यें ऑटो हान यांच्यासमवेत सुमारें तीस वर्षें संशोधन केलें. ज्यू कुळांतील जन्मामुळें हिटलरच्या राजवटींत, १९३८ च्या जुलैंत, त्यांना जर्मनी सोडून पळावें लागलें. त्याच डिसेंबरांत हान व स्ट्रासमान यांना युरेनियमपासून बेरियम उत्पन्न झालेलें आढळलें. हान बुचकळ्यांत पडले, आणि त्यांनीं स्वीडनमध्यें बाईंनाच पत्र धाडलें. युरेनियमचा गर्भ दुभंगतो, हा उलगडा बाईंनीं आपले भाचे ऑटो फ्रिश यांच्या साहाय्यानें केला. १९४४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांस दिलें गेलें. हा अन्यायच म्हटला पाहिजे.

१०५ व्या मूलद्रव्यास अमेरिकेंत पुष्कळ वर्षें 'हानियम' म्हणत. १९९७ सालीं नांवांचा अंतिम निर्णय झाला, तेव्हां १०५ वें डुब्नियम ठरलें, १०९ वें माइट्नेरियम. हान यांचें नांव कोष्टकांतून गळालें.