फिजिक्स इंजिन: एकच गेम प्रत्येक फोनवर सारखा कसा चालतो?

अँग्री बर्ड्समध्ये गलोल ताणून पक्षी सोडला की फळ्या कोसळतात, दगड घरंगळतात. कोणती फळी कुठे पडेल हे आधी कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते गणित त्याच क्षणी करणारा प्रोग्रॅम म्हणजे फिजिक्स इंजिन. या गेमचं इंजिन होतं बॉक्स२डी. एरिन कॅटो यांनी २००६ मध्ये एका व्याख्यानासाठी डेमो बनवला, त्यातून ते उभं राहिलं. आजही ते मोफत आणि ओपन सोर्स आहे.

युनिटी किंवा गोडोमध्ये एकदा बनवलेला गेम अँड्रॉइड, आयफोन, कॉम्प्युटर अशा सगळ्यांसाठी तयार करता येतो. फिजिक्स इंजिन त्यात आधीच जोडलेलं असतं. युनिटीचं २डी फिजिक्स तर बॉक्स२डीवरच चालतं. तुम्ही फक्त वस्तूचा आकार, वजन, घर्षण आणि उसळी ठरवायची.

पण इथे एक गोची आहे. समजा, ‘चेंडू दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकव’ असं तुम्ही लिहिलं. ३० एफपीएसच्या फोनवर तो सेकंदाला १५० पिक्सेल जाईल, १२० एफपीएसच्या फोनवर ६००! म्हणजे स्वस्त फोनवर गेम रखडणार, महागड्या फोनवर सुसाट पळणार.

म्हणून फिजिक्सचं घड्याळ स्क्रीनपासून वेगळं ठेवतात. डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते गोडोत सेकंदाला ६० वेळा, तर युनिटीत ५० वेळा चालतं. फोन मागे पडला, तर इंजिन एका फ्रेममध्ये दोन-तीन पावलं उरकून वेळ भरून काढतं.

पहिला गेम बनवताय? मग फिजिक्सवर चालणाऱ्या हालचालीचा कोड युनिटीत ‘फिक्स्ड अपडेट’मध्ये आणि गोडोत ‘फिजिक्स प्रोसेस’मध्ये लिहा.