सुरत विमानतळ नेमके कुणाचे? तक्रार घेऊन कुणाचे दार वाजवायचे?

भेस्तान (सुरत) : विमान कमी आहेत, पार्किंग महाग आहे, रात्री उतरल्यावर घरी यायला बस नाही. भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत भागातल्या मराठी घरांत आता या तक्रारीही ऐकू येतात. पण तक्रार करायची कुणाकडे, म्हटलं की कुणी महापालिकेचं नाव घेतो, कुणी कलेक्टरचं. त्यासाठी आधी मालक कोण, ते समजून घेऊ.

मालक दिल्लीत

सुरत विमानतळ ना महापालिकेचे आहे, ना गुजरात सरकारचे. ते चालवते भारतीय विमानतळ प्राधिकरण. १९९४ च्या कायद्याने दोन जुन्या संस्था एकत्र करून १ एप्रिल १९९५ रोजी हे प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमते. सुरतला बसणारे विमानतळ संचालक हे त्या प्राधिकरणाचे अधिकारी. दुकानदारीच्या भाषेत सांगायचं तर ते शाखेचे मॅनेजर, मोठे निर्णय हेड ऑफिसचे. डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तोही केंद्रीय मंत्रिमंडळाच्या मंजुरीने.

सगळीकडे सारखे नाही

शिर्डीचे विमानतळ महाराष्ट्र सरकारच्या विमानतळ विकास कंपनीचे आहे. नाशिकजवळचे ओझर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आणि गोव्यातल्या दाबोळीची नौदलाची. तिथे प्राधिकरण फक्त प्रवाशांचा भाग सांभाळते. जळगाव आणि बेळगाव मात्र सुरतसारखेच प्राधिकरणाकडे.

मुंबईत अदानी समूहाचे ७४ टक्के आणि प्राधिकरणाचे २६ टक्के. नवी मुंबईत उरलेला २६ टक्के वाटा सिडकोचा. अहमदाबाद २०२० मध्ये ५० वर्षांसाठी अदानी समूहाला भाडेपट्ट्याने दिले गेले. बोली होती प्रवाशामागे १७७ रुपये. म्हणजे जमीन सरकारची, गल्ला भाडेकरूचा, आणि दर माणशी ठरलेली रक्कम मालकाला.

हे आपल्याला का माहीत हवे? कारण केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या यादीत खासगी कंपन्यांना चालवायला देण्याच्या २५ विमानतळांमध्ये सुरतचेही नाव होते. उद्या तसे झाले तर जमिनीचा मालक तोच राहील, पण पार्किंग, दुकाने आणि सेवा नवा भाडेकरू पाहील. विमानांना आकाशात वाट दाखवणारे नियंत्रण मात्र तेव्हाही प्राधिकरणाकडेच राहते. कस्टम आणि इमिग्रेशनही केंद्राचेच.

कुणाचे काम काय

धावपट्टी सुरक्षित आहे की नाही ते डीजीसीए पाहते. २०१४ मध्ये सुरतला उड्डाणाच्या वेळी विमानाची म्हशीला धडक बसली, तेव्हा अशा तपासणीचे महत्त्व सगळ्या देशाला कळले. तपासणी आणि पहाऱ्याचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांचे शुल्क एरा ही नियामक संस्था ठरवते. सुरत अजून त्या आकड्याच्या खाली आहे. आसपासच्या इमारती किती उंच असाव्यात यासाठी ना-हरकत प्राधिकरण देते, बांधकाम परवानगी स्थानिक संस्था देते. वेसू बाजूच्या उंच इमारतींचे प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले ते याच दोन दारांच्या मधल्या फटीतून.

विमान कुठे जाणार हे विमान कंपनी ठरवते. सिटी बस महापालिकेची.

मग सल्लागार समिती कशाला?

प्राधिकरणाच्या विमानतळांवर सल्लागार समिती असते. अध्यक्षपद सहसा तिथल्या लोकसभा खासदाराकडे. सोबत लोकप्रतिनिधी, स्थानिक अधिकारी, व्यापारी संघटनांची माणसं. समिती सुविधा, रस्ता, बस, नवी उड्डाणे यावर सूचना करते. पण ती सल्लागार आहे, हुकूम काढू शकत नाही. पैसा मंजूर करणे तिच्या हातात नाही.

तरी तिला कमी समजू नये. एका टेबलावर प्राधिकरण आणि स्थानिक प्रशासन यांना बसवून जाब विचारता येईल अशी जागा हीच. उधना, लिंबायत, मजुरा, चोर्यासी हे चारही विधानसभा मतदारसंघ नवसारी लोकसभेत येतात. २००९ पासून तिथले खासदार असलेले सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्याचे. म्हणजे या भागातल्या मराठी मताला इथे वजन आहे. चेंबरवाले आपले म्हणणे मांडतात. कारखान्यातल्या कामगाराचे, रात्रीच्या बसचे म्हणणे कुणी मांडले नाही तर ते कागदावर येणारच नाही.

आपण काय करू शकतो

विमानतळावरच्या सोयीची तक्रार संचालकांकडे किंवा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा ॲपवर करावी. बसची मागणी महापालिकेकडे द्यावी आणि एक प्रत खासदार कार्यालयात. प्राधिकरण माहिती अधिकाराखाली येते, त्यामुळे समितीची बैठक कधी झाली, काय ठरले, काय पाळले, हे साध्या अर्जाने मागता येते. अर्जाची फी १० रुपये. विमानतळ उद्या भाड्याने गेले, तर हीच माहिती नव्या कंपनीकडून काढणे इतके सोपे राहीलच असे नाही. म्हणून विचारायचे ते आत्ताच विचारून ठेवलेले बरे.