विम्याचा मोठा दावा आणि वकिलांची मदत : पालकांनी काय लक्षात ठेवावे?



२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी घराघरात, दुकानादुकानात शिरले. असा पूर आला की शाळेत येणारी मुले एकच गोष्ट सांगतात, "बाई, आमचं सगळं गेलं." काही पालकांचा विमा असतो. पण नुकसान आठ लाखांचे आणि कंपनी देते चार लाख, तेव्हा प्रश्न येतो, आता वकील लावायचा का? आजचा लेख याच प्रश्नावर.

दावा कसा ठरतो?

नुकसान कळवल्यावर कंपनी सर्वेअर पाठवते. तो पाहणी करून नुकसानीचा आकडा काढतो. त्याचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणून अहवालाची प्रत लेखी मागावी.

रक्कम कमी का झाली हे समजण्यासाठी पाचवीचे त्रैराशिक पुरते. समजा, दुकानातल्या मालाची किंमत ४० लाख आहे, पण विमा काढला फक्त २० लाखांचा. म्हणजे निम्माच. मग ८ लाखांचे नुकसान झाले तरी ४ लाखच मिळतात. याला 'अ‍ॅव्हरेज'चे कलम म्हणतात. हे कलम तुमच्या पॉलिसीत आहे की नाही, ते मात्र पाहावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या घराच्या पॉलिसीत कमी विम्याची अशी कपात करत नाहीत.

वकील कधी गाठावा?

प्रत्येक दाव्याला वकील लागत नाही. काच फुटली, पंप जळला, एवढ्यासाठी नको. पण पुढील वेळी सल्ला जरूर घ्या :

१. दावा पूर्ण नाकारला असेल.
२. सर्वेअरचा आकडा आणि खरे नुकसान यात मोठी तफावत असेल.
३. माहिती लपवल्याचा आरोप कंपनीने केला असेल.
४. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा पावतीवर सही मागत असतील.

चौथा मुद्दा नीट वाचा. घाईत सही केली की पुढे भांडणे अवघड होते. फसवून किंवा दबाव टाकून सही घेतली असेल तर दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे. पण तो दबाव सिद्ध आपल्यालाच करावा लागतो. म्हणून सहीच्या आधी वकिलांना कागद दाखवा, नंतर नको.

जाताना काय न्यावे?

पूर्ण पॉलिसी (फक्त पहिले पान नव्हे), प्रीमियमची पावती, नुकसानीचे फोटो, खरेदीची बिले, पंचनामा, सर्वेअरचा अहवाल आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार. एका वहीत तारीखवार नोंद करा. कोण आले, काय बोलले, कोणता कागद नेला. बिले भिजली असतील तर बँकेचे उतारे, जीएसटीच्या नोंदी, घाऊक व्यापाऱ्याकडची दुसरी प्रत उपयोगी पडते.

वकिलांना खरे सांगा. दुरुस्ती आधीची असेल, विमा कमी काढला असेल, तरी सांगा. दुबळी बाजू त्यांना आधी कळली तर तयारी करता येते. आकडा फुगवू नका. एक खोटे बिल सगळा दावा बुडवू शकते.

फीचे काय?

फी आधीच ठरवा आणि लिहून घ्या. नोटिशीचे किती, तारखांचे किती, टंकलेखन वेगळे का? 'मिळेल त्यातले इतके टक्के' अशी फी भारतात वकिलांना घेता येत नाही. बार कौन्सिलचा नियमच आहे. परदेशी सिनेमात दिसते ते इथे चालत नाही.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते, शुल्क नाही आणि वकीलही चालत नाही. आपणच बोलायचे! कागद तयार करताना मात्र सल्ला घेता येतो.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षे. आयोग कोणता हे दाव्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरते, त्यामुळे सामान्य कुटुंबाला जिल्ह्यातच दाद मिळते. इथे वकील देता येतो, स्वतःही बाजू मांडता येते. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून आधी कुठे जायचे हे विचारून ठरवा. आणि कंपनीशी पत्रापत्री सुरू आहे म्हणून मुदत थांबेल, असे समजू नका.

शिक्षकांसाठी

पुढच्या पालक सभेत दहा मिनिटे द्या. पालकांना एकच काम सांगा : घरातली पॉलिसी काढा, त्यात पूर हा धोका आहे का आणि विम्याची रक्कम किती हे पाहा, मग सगळ्या कागदांचे फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवा. मोठ्या मुलांना वरचे त्रैराशिक घरच्या आकड्यांवर सोडवायला द्या. हे काम पावसाळ्याआधीच झालेले बरे.