टेट२ मोडला आणि कॅन्सर पळाला

कॅन्सर रोखणारा ‘ट्यूमर सप्रेसर’ जीन बिघडला की कॅन्सर, एवढंच आपण ऐकलेलं. पण कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशीत (रोगप्रतिकारक पेशीत) बिघडला तर?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली केस बघा. रक्ताचा कॅन्सर झालेल्या ७८ वर्षांच्या आजोबांना कार-टी उपचार दिले, म्हणजे बाहेरून जीन घालून कॅन्सरवर रोखलेल्या त्यांच्याच टी-पेशी. सुरुवातीला ढिम्म फरक नाही. दुसऱ्या डोसनंतर दोनेक महिन्यांनी मात्र पेशी सुसाट वाढल्या, कॅन्सर गायब! उलगडा २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: बाहेरून घातलेला जीन एका पेशीत योगायोगाने नेमका टेट२ या ट्यूमर सप्रेसर जीनमध्येच घुसला होता. टेट२ची दुसरी प्रत आधीच कमजोर. ऐन भरात ९४ टक्के कार-टी पेशी या एकीच्याच वंशातल्या! स्मृतिपेशींसारख्या दमदार, टिकाऊ.

मग मुद्दाम टेट२ काढावा? जरा दमानं. उंदरांवरच्या प्रयोगांत दोन्ही प्रती काढलेल्या काही कार-टी पेशी कॅन्सर संपल्यावरही वाढतच राहिल्या.