गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, तेव्हा

आज एका एवढ्याशा ग्रंथीबद्दल बोलू. आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपी ठेवावी तशी एकेक ग्रंथी असते. तिचं नाव अ‍ॅड्रिनल. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम, पण बीपी आणि अंगातलं मीठ-पाणी सांभाळण्यात तिच्या हार्मोनचा मोठा वाटा असतो.

या ग्रंथीत कधी गाठ होते. गाठ म्हटलं की आपल्याला कॅन्सरच आठवतो. पण यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. काही मात्र जास्तीचं हार्मोन सोडतात आणि त्रास सुरू होतो.

खुणा लक्षात ठेवा. अधूनमधून डोकं ठणकतं, दरदरून घाम येतो, छाती धडधडते आणि त्याच वेळी बीपी एकदम चढतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं. उतारा टाकण्याआधी बीपी मोजून घ्या. दुसरी खूण, तीन औषधं नियमित घेऊनही बीपी उतरत नाही, किंवा रक्तात पोटॅशियम कमी होऊन हातपाय गळतात. तिसरी, चेहरा गोल सुजतो, पोट सुटतं, हातपाय बारीक राहतात, पोटावर जांभळे पट्टे उठतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असलं तरी असंच होतं, म्हणून डॉक्टरांना पुडी दाखवा.

तपासणीचा क्रम नीट असला की पैसा आणि हेलपाटे वाचतात. आधी रक्ताची किंवा २४ तासांच्या लघवीची हार्मोन तपासणी, मग सीटी स्कॅन. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली, तरी हार्मोन तपासायचेच. त्याआधी गाठीत सुई घालू देऊ नका. बीपी चढवणारी गाठ असेल तर जिवावर बेतू शकतं. अशा गाठीच्या ऑपरेशनआधीही एक-दोन आठवडे खास गोळ्या देऊन बीपी आटोक्यात आणतात.

४ सेंटिमीटरपेक्षा लहान, सीटीत साधी दिसणारी आणि हार्मोन न सोडणारी गाठ बहुधा काढावी लागत नाही. काढायची झाली तर बरेचदा दुर्बिणीतून निघते. एक ग्रंथी गेली तरी दुसरी काम सांभाळते. काहींना ऑपरेशननंतर काही महिने गोळ्या लागतात, त्या मनाने बंद करू नयेत. बीपीच्या गोळ्यांचंही तेच.

जायचं कुठं? आधी आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. चौकशीच्या खिडकीवर हार्मोनच्या डॉक्टरांची, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीची, ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने सगळे कागद एका पिशवीत घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. सगळ्यांचं बीपी मोजा. तरुण वयातच जिचं जास्त निघेल, तिला एकटीला पाठवू नका. सोबत कुणीतरी जा.