महोत्सवाचा इतिहास लिहायचाय? आधी घड्याळ बघा

‘अमुक संगीत महोत्सवाचा इतिहास’ असा विषय घेतला की आपण लगेच कलाकारांच्या याद्या जमवायला लागतो. याद्या लागतातच, पण नुसती यादी म्हणजे इतिहास नव्हे. महोत्सव कुठे भरणार, किती वाजेपर्यंत चालणार, हे गाव आणि सरकारही ठरवत असतं. संशोधनाचा प्रश्न बरेचदा तिथेच सापडतो.

अमेरिकेतलं न्यूपोर्ट बघा. समुद्रकाठच्या या गावात १९५४ साली उन्हाळी जॅझ महोत्सव सुरू झाला. १९६० आणि १९७१ मध्ये गर्दीने दंगा केला. १९७२ मध्ये महोत्सव न्यूयॉर्कला हलला आणि १९८१ मध्ये परत आला. हे कलाकारांच्या यादीत दिसत नाही.

आता आपल्याकडे या. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मृतीचा महोत्सव भरू लागला. तो रात्र रात्र चालायचा. लोक गाणं ऐकून उजाडताना घरी जायचे. मग ध्वनिप्रदूषण नियम, २००० आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. राज्य सरकार सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस आणि तीही रात्री १२ पर्यंतच. रात्रभराची मैफल संपली, दुपारची सत्रं आली.

मग बिघडलं काय? आपल्या संगीतात रागाला वेळ असते. मालकंस, दरबारी रात्र चढल्यावरचे. ललत, भैरव पहाटेचे. मुलतानी, भीमपलासी दुपारचे. म्हणजे घड्याळ सरकलं की श्रोत्याच्या कानावर पडणारे रागही बदलायला हवेत. ही झाली तुमची परिकल्पना.

ती तपासायची कशी? कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात कोण गाणार ते असतं, काय गायलं ते बहुधा नसतं. रागांची नावं वर्तमानपत्रांतल्या जुन्या वृत्तान्तांत आणि ध्वनिमुद्रणांत मिळतील. २००० च्या आधीची दहा वर्षं आणि नंतरची दहा वर्षं घ्या, प्रत्येक राग त्याच्या वेळेच्या रकान्यात मांडा.

पण थांबा, एवढ्यावर ‘कायद्यामुळे झालं’ असं लिहू नका. लोकांना शेवटची लोकल गाठायची असते, सकाळी कामावर जायचं असतं. कारणं वेगळी कशी काढणार? इथे नियमातलीच एक तरतूद कामाला येते: आतल्यापुरता आवाज असेल तर बंदिस्त सभागृहांना ही बंदी लागू नाही. म्हणून मंडपातल्या मैफलींच्या जोडीला सभागृहातल्या मैफली ठेवा. आपल्या पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह किंवा तुमच्या गावातलं एखादं सभागृह घ्या. तिथेही मैफली दहालाच संपत असतील, तर एकट्या कायद्याला दोष देता येणार नाही. तिथे उशिरापर्यंत रंगत असतील, तर तुमचा मुद्दा पक्का होतो.

दोन्हीपैकी काहीही निघालं तरी प्रबंधात लिहायला काहीतरी हाती लागतं. चांगल्या प्रश्नाची हीच खूण.