वारीची पडशी : काय घ्यावे, काय ठेवावे

ज्येष्ठ महिना निघाला की गावोगाव वारीची बोलणी सुरू होतात. भिशी भरली का, दिंडीचा ट्रक कधी निघणार, कोण कोण येणार, पेरणीला घरी कोण राहणार, हे सगळे पारावर आणि ओसरीवर ठरते. पण बरोबर काय न्यायचे, हे मात्र निघायच्या आदल्या रात्री ठरते. हाताला लागेल ते गाठोड्यात जाते आणि माणूस ते ओझे घेऊन आळंदीला पोचतो. आमच्या घरी ही चूक एकदा झाली. तिची हकीकत सांगितली तर दहा घरांना उपयोग होईल, म्हणून लिहिते.

२०२० व २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नव्हती. २०२२ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जायचेच म्हणून धरून बसल्या. वय त्रेसष्ट, अंगाने बारीक, चार वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. गोधडी, तीन लुगडी, पितळेचा तांब्या, वाटी, पोथी, लाडू-दशम्या, छत्री, पाण्याची बाटली असे सगळे त्यांनी बांधले. ‘‘आत्याबाई, थोडं कमी करू या,’’ असे मी म्हटले. ‘‘अगं, परक्या मुलखात कुणापुढं हात पसरायचा?’’ असे त्या म्हणाल्या. मी गप्प बसले.

पुण्याचे दोन मुक्काम करून माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. साऱ्या वाटेत हीच चाल मोठी, तीस किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी एकादशी. आत्याबाईंनी सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, उपवास धरला आणि गाठोडे खांद्याला मारून निघाल्या. घाटात त्यांना घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर उतरली होती. लाडू होते, पण गाठोड्याच्या तळाशी, तीन गाठींच्या आत. शेजारच्या दिंडीतल्या एका बाईने कनवटीचा गूळ तोंडात घातला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी आमचे हे सासवडला जाऊन त्यांना एस.टी.ने घरी घेऊन आले. मामंजी म्हणाले, ‘‘झाली तेवढी वारी पुरे.’’ आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण आषाढी एकादशीला त्या दिवसभर देवघरापुढे बसून होत्या.

पुढल्या वैशाखात मी मामंजींपुढे ते गाठोडे सोडले आणि धान्य जोखायच्या काट्यावर एकेक जिन्नस घातला. गोधडी अडीच किलो. तीन लुगडी दोन किलो चारशे ग्रॅम. पितळेची भांडी एक किलो. खाणे दीड किलो. पाणी एक किलो. छत्री चारशे ग्रॅम, पोथी सातशे. बेरीज साडेनऊ किलो. आत्याबाईंचे वजन अठ्ठेचाळीस. मामंजी काट्याकडे बघत राहिले. ‘‘एवढं वजन तर मी तिला शेतातसुद्धा उचलू देत नाही,’’ म्हणाले.

आता हिशेब पाहा. आळंदी ते पंढरपूर वाट अडीचशे किलोमीटरच्या घरात. बाईमाणसाची एका किलोमीटरला दीड हजारांच्या आसपास पावले पडतात. म्हणजे पावणेचार लाख पावले. गाठोड्यात एक किलो जास्त घातला तर तो पावणेचार लाख वेळा उचलावा लागतो. खांदा दुखतो तो दिसतो, पण खरा मार गुडघ्यांना आणि तळव्यांना बसतो. म्हणून आम्ही घरी एक नेम केला : खांद्यावर तीन किलोच्या वर काही नाही, आणि तेही पाण्यासकट.

यासाठी पिशव्या दोन कराव्यात. एक ट्रकची, एक खांद्याची. ट्रकच्या पिशवीत अंथरूण-पांघरूण, दुसरे लुगडे व रात्रीच्या वस्तू जातात. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गर्दीमुळे ट्रक मुक्कामी उशिरा पोचू शकतो. ज्या वस्तूवाचून एक रात्र निघणार नाही, ती ट्रकात टाकू नये.

अंथरुणाला गोधडीऐवजी एक चादर आणि खाली घालायला मेणकापड पुरे. घोंगडी चांगली, ऊब देते, पाऊसही अडवते. पण भिजली की जड होते. न्यायचीच असेल तर ट्रकात न्यावी. तांब्याऐवजी स्टीलचे एक फुलपात्र आणि एक ताटली घ्यावी. जेवण दिंडीत असते, भांडी लागत नाहीत. टॉवेलाऐवजी पंचा न्यावा, तो तासाभरात वाळतो.

लुगड्यांवरून आमच्या घरी बराच वाद झाला. जाड सुती नऊवारी घाम टिपते, पण ओली झाली की वाळत नाही. आमचे एक लुगडे कोरडे आठशे ग्रॅम होते, धुऊन पिळले तेव्हा सव्वा किलोवर गेले. शेवटी अंगावर एक सुती, खांद्याच्या पिशवीत एक पातळ वायलचे आणि ट्रकात एक, असे ठरले. पुरुषांनीही धोतर-सदऱ्याचे दोनच जोड न्यावेत. रोज एक धुवावा.

पावसासाठी खताच्या गोणीतली प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन तिची खोळ करावी. छत्रीपेक्षा ती हलकी, आणि दोन्ही हात टाळांना मोकळे राहतात. फवारणीच्या औषधाची पिशवी मात्र कितीही धुतली तरी वापरू नये. कपडे, औषधे, कागद दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशव्यांत घालून वर रबर लावावे.

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. वाटेत टँकर असतात, गावे लागतात. बाटली पुढच्या पाण्यापर्यंत पुरेल इतकीच भरावी. पण मोठ्या चालीला आणि घाटाला ती पूर्ण भरलेली असावी. उघड्या ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी तसेच पिऊ नये. जुलाब लागले तर जीवनजल घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे.

खाण्याचे ओझे वाहू नये. फुटाणे, शेंगदाणे, गुळाचे खडे मिळून पाव ते अर्धा किलो पुष्कळ. साखरेच्या रोग्याने गूळ किंवा साखर कमरेच्या बटव्यातच ठेवावी, पिशवीत नाही. एकादशीचा उपवास व गोळी यांचा मेळ कसा घालायचा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी घेऊन उपाशी चालणे घातक आहे. बरोबरच्यांनीही जाणून असावे : घाम, कापरे, अंधारी आली की आधी बसवून गोड द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, लगेच दवाखान्याच्या गाडीकडे न्यावे. रोजची औषधे अठरा-वीस दिवसांची मोजून न्यावीत. चार दिवसांची बटव्यात आणि बाकीची खांद्याच्या पिशवीत ठेवावीत.

वारीत खरी जपणूक पायांची. नवी चप्पल घालून कधी निघू नये. मागे पट्टा असलेली, महिनाभर वापरलेली चप्पल असावी. मुक्कामी पोचल्यावर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या पंचाने कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. खोबरेल किंवा कोकमतेल टाचांना लावावे, बेचक्यांत नको. फोड आला तर फोडू नये, वर स्वच्छ पट्टी बांधावी. साखरेच्या रोग्याला तळव्याची जखम कळत नाही. त्याने रोज रात्री उजेडात तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यावेत आणि दुखऱ्या पायाला विस्तवाचा शेक देऊ नये.

दागिने घरी ठेवावेत, गळ्यात काळी पोत पुरे. पैसे सुट्या नोटांचे, दोन ठिकाणी विभागून. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी. साधा बटणाचा मोबाइल बरा, त्याची बॅटरी टिकते. पिशवीच्या आत कापडावर नाव, गाव, घरचा नंबर आणि दिंडीचा क्रमांक लिहून शिवावा. दिंडी रथापुढची की रथामागची, हे लिहायला विसरू नये. वाट चुकलेल्या माणसाला त्यावरूनच आपली दिंडी सापडते. ट्रकच्या पिशवीला एक रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे शंभर पिशव्यांत ती ओळखू येते. ज्या बायका डोक्यावर तुळस घेणार, त्यांनी त्या वेळी खांद्याची पिशवी सोबतिणीकडे द्यावी, म्हणजे मानेवर ताण येत नाही.

आत्याबाईंची नवी पिशवी दोन किलो नऊशे ग्रॅम भरली. वैशाखभर त्या तीच पिशवी खांद्याला लावून, त्याच चपला घालून मळ्यापर्यंत जाऊन येत. मामंजी आधी चार दिवस बांधावरून बघत. पाचव्या दिवसापासून बरोबर चालू लागले.

२०२३ साली पाऊस लांबला. ऊन रणरणत होते, पेरणी खोळंबली होती. दिवे घाटाच्या दिवशी घरात कुणाचे कामात लक्ष नव्हते. दिवे लागणीनंतर फोन आला, ‘‘सासवडला पोचले. डॉक्टरांनी सांगितलं तसं फराळ घेतला. गूळ बटव्यात आहे, लागला नाही.’’ पुढे नीरेच्या स्नानाचा फोन आला, वेळापूरचा आला, वाखरीचा आला. खोळीचा उपयोग म्हणे बसायलाच झाला. पंढरपुरात दर्शनाची रांग फार मोठी होती. त्यांनी कळसाचे दर्शन घेतले, चंद्रभागेचे स्नान केले आणि एस.टी.ने परतल्या.

पिशवी ओसरीवर ठेवून त्यांनी आधी काटा मागितला. तीन किलो सहाशे भरले. मी बघत राहिले तर म्हणाल्या, ‘‘अगं, प्रसादाच्या चुरमुऱ्यांचं, बुक्क्याचं आणि तुळशीच्या माळांचं आहे ते. एवढी जागा जाताना मोकळी ठेवली होती मी.’’

आता वैशाख लागला की आळीतल्या बायका आपापल्या पडशा घेऊन आमच्या ओसरीवर येतात. काट्यापाशी मामंजी बसलेले असतात.